कोठीची बहात्तर तासांची परीक्षा

सूपच्या तिसऱ्या चमच्यात टाचणी आली. सुरक्षा अधिकाऱ्यांनी ती दोन बोटांत धरून दिव्याखाली नेली, डोळ्यांनीच मोजली आणि टेबलावर ठेवली. टेबलाच्या त्यांच्या बाजूला ताटं होती. दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन, पांढऱ्या कापडाचा तागा आणि खडूनं आखलेल्या बाह्या.

"अडीच सेंटिमीटर," ते म्हणाले. "ही माझ्या घशात गेली असती तर?"

"तर पाचच उरल्या असत्या," बायको म्हणाली. "मघापासून सहावी शोधतेय मी."

"कारखान्यात याला गंभीर घटना म्हणतात."

"घरात याला जागा नसणं म्हणतात."

जागेचा प्रश्न त्या आठवड्यात खरोखरच गंभीर झाला होता. एका इस्पितळानं तिला ऐंशी एप्रन शिवायला सांगितले होते. नऊ वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवल्यानंतर आलेलं हे पहिलं मोठं काम. मंगळवारी सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. ऐंशी एप्रन म्हणजे एकशे साठ बाह्या, आणि त्या कापल्यावर एकाच जागी पडून राहायला हव्यात. प्रत्येक जेवणाला उचलायच्या आणि जेवण झालं की परत मांडायच्या, असं केलं की डाव्या बाह्या उजव्यांत जाऊन बसतात. मग एखाद्या डॉक्टरला दोन्ही हात डावेच असल्यासारखं वाटतं.

घरात एक खोली होती. दहा फूट बाय आठ फूट, खिडकी उत्तरेला, उजेड दिवसभर एकसारखा. तिच्यात सुरक्षा अधिकाऱ्यांची कोठी होती. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर डबे, पिशव्या आणि बाटल्या, आणि खिडकीखाली आडवा फ्रीझर, ज्यात अधिकारी स्वतः पाय किंचित दुमडून मावले असते. दारावर प्लास्टिकचं आवरण घातलेला कागद होता : 'घरात भरपूर साठा का ठेवावा? सतरा कारणे'. पूर, संप, साथ, अचानक आलेले पाहुणे, भाववाढ, पाय मुरगळणे, दुकानदाराशी भांडण वगैरे. सतरावं कारण 'इतर' असं होतं.

"मला ती खोली द्या," बायको म्हणाली.

"आणि उद्या काही झालं तर?"

"सात वर्षं तुम्ही उद्याचं सांगताय. उद्या येतो, दूधवाला येतो, पेपर येतो. दुसरं काहीच येत नाही."

वाद वाढला तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी मध्ये पडली. "बाबा, कोठीची कधी चाचणी घेतलीत का? चाचणीशिवाय दावा म्हणजे नुसतं मत."

हे वाक्य अधिकाऱ्यांच्या वर्मी लागलं. रसायनांच्या कारखान्यात ते स्वतः दर महिन्याला भोंगा वाजवून तीनशे माणसांना उन्हात उभं करत. तिथल्या तिथे करार झाला आणि मुलीनं तो वहीच्या पानावर लिहिला : शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी संध्याकाळी सहा. या बहात्तर तासांत बाहेरून घरात एकही वस्तू येणार नाही. एक जरी आणावी लागली तर खोली आईची. नाही लागली तर कोठी राहील आणि आई पुन्हा विषय काढणार नाही.

"सोमवारी रजा टाकतो," अधिकारी सही करत म्हणाले. "बहात्तर तास? आपण अकरा महिने काढू शकतो."

शनिवारी सकाळी दूधवाला आला. अधिकाऱ्यांनी दार चार बोटं उघडलं.

"तीन दिवस काही नको. आमच्याकडे सगळं भरून ठेवलंय."

"गावाला चाललात का साहेब?"

"नाही. घरातच आहोत. दार बंद करून."

दूधवाल्यानं ही बातमी समोरच्या दारातल्या निवृत्त मास्तरांना दुधाबरोबर दिली. मास्तर लगेच घंटा वाजवून उभे राहिले. दार पुन्हा चार बोटं उघडलं.

"काय हो, काही झालंय का?"

इथे अधिकाऱ्यांना 'बायकोशी पैज लागलीय' एवढं सांगता आलं असतं. पण पंचवीस वर्षांच्या नोकरीत लागलेली सवय आडवी आली. त्यांनी चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "अजून तरी नाही."

दार बंद झालं. मास्तर त्या दाराकडे बराच वेळ पाहत राहिले. रसायनांच्या कारखान्याचा सुरक्षा अधिकारी, घरात साठा, तीन दिवस दार बंद, आणि 'अजून तरी'. मास्तरांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि सगळ्यात मोठी पिशवी शोधली.

घरात दुपारच्या जेवणाला अननसाच्या फोडी, डब्यातले टोमॅटो आणि व्हिनेगरमधली काकडी होती. कोठीचा नियम होता 'जुनं आधी'. जे आधी आलं ते आधी खायचं, म्हणजे वाया जात नाही. या महिन्यात नेमका आंबट मालाचा नंबर होता.

"बाबा, एक हिशेब सांगू?" मुलगी म्हणाली. "साठा अकरा महिन्यांचा आहे आणि आपण कायम जुनं आधी खातो. म्हणजे आज आणलेलं आपण अकरा महिन्यांनी खाणार. आपण नेहमीच गेल्या वर्षात जेवतो."

"पण सुरक्षित जेवतो."

"आणि ती सतरा कारणं वाचली मी नीट. त्यात भूक कुठेच नाही."

"'इतर'मध्ये आहे," अधिकारी म्हणाले.

संध्याकाळी सूपसाठी फ्रीझर उघडला तेव्हा कळलं, की थंडीनं चिकटपट्टीचा गोंद सुटला होता आणि सगळ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तळाशी गोळा झाल्या होत्या. वर एकेचाळीस सारखे पांढरे डबे. अधिकाऱ्यांनी हातानं वजनाचा अंदाज घेत एक निवडला. दोन तासांनी तो वितळला तेव्हा त्यात पाणी निघालं.

"हे पण तुम्ही साठवलंय?" बायकोनं विचारलं.

"पाणी जाण्याची शक्यता असते," अधिकारी म्हणाले. कारण क्रमांक नऊ.

रविवारी सकाळी मुलगी गॅलरीतून ओरडली, "आई, इकडे ये! दहा मिनिटांत तांदळाची चौदा पोती गेली लिफ्टमधून. आता लिफ्टच बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पोत्यावर बसून दम खातायत."

समोरच्या इमारतीतही तेच चाललं होतं. का, ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच तिथे घाई जास्त होती. रस्त्यावर दुकानासमोरची रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती.

"लोक शहाणे होतायत," अधिकारी समाधानानं म्हणाले आणि छातीवर हात ठेवून खाली बसले.

समाधानाचा आणि त्या हाताचा काही संबंध नव्हता. सलग चार जेवणांतलं आंबट आता घशाशी आलं होतं. कोठीत अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची तीन पाकिटं होती. तिन्हींची मुदत गेल्या हिवाळ्यात संपली होती, आणि मुदत संपलेलं औषध अधिकारी मेले तरी घेणार नव्हते. त्यांनी कारखान्यात त्यावर पोस्टर लावलं होतं.

"आणू का गोळी?" बायकोनं विचारलं. "खालीच तर आहे दुकान."

"नको. मला काही होत नाहीये."

"चेहरा तर अननसासारखा झालाय."

"अननसाचं नाव काढू नकोस."

रात्रभर ते दोन उशा लावून बसून झोपले. सोमवारी सकाळी त्यांनी फक्त पाणी घेतलं, तेही परवा डब्यातून निघालेलं. दुपारी तीन वाजता त्यांनी बायकोला हाक मारली. ती खडू हातात घेऊन टेबलापाशी उभी होती. आज सकाळपासून तिनं एकही टोमणा मारला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त झोंबत होतं.

"जा," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आण."

"नक्की? गोळी आली की खोली माझी."

"आण म्हणतोय ना!"

ती जिन्यावरून जवळजवळ पळतच गेली. परत यायला मात्र तिला दीड तास लागला. पिशवी रिकामी होती.

"औषधाच्या दुकानात शनिवारीच संपल्या गोळ्या. पुढच्या चौकात पण नाहीत. आपल्या दुकानात आता वाढदिवसाच्या मेणबत्त्या आणि झाडूचे दोन दांडे, एवढंच उरलंय. दुकानदार म्हणाला, रसायनांच्या कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांनी सगळ्यांना आतून खबर दिलीय."

अधिकारी पोट धरून ताठ बसले. वेदनेतून त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू विजय उमटला. "बघितलंस? ऐन वेळी दुकानात काही मिळत नाही! म्हणूनच घरात साठा हवा."

"बाबा, ते तुमच्यामुळेच मिळत नाहीये," मुलगी म्हणाली.

"कारण काहीही असो. परिणाम बघ."

पाच वीसला घंटा वाजली. दारात मास्तर होते, तळहातावर एक गोळी घेऊन. "वहिनी शोधत होत्या म्हणे. घ्या. माझ्याकडे चारशे आहेत."

अधिकाऱ्यांनी उंबऱ्यापलीकडच्या त्या गोळीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मास्तर," ते कष्टानं म्हणाले, "चाळीस मिनिटं थांबाल?"

"अहो, बाहेर जाऊन गिळा की!"

"चालणार नाही," मुलगी आतून म्हणाली. "पोटातून आतच येणार ना ती."

मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. अधिकारी उंबऱ्याच्या अलीकडे स्टुलावर बसले. मध्ये गोळी. दोघांनी हवापाण्यावर बोलून पाहिलं. ठीक सहा वाजता अधिकाऱ्यांनी हात बाहेर काढला.

कोठी उत्तीर्ण झाली होती. बायकोनं करार पुन्हा एकदा वाचला, त्यात काही पळवाट सापडली नाही. मग ती टेबलावरच्या बाह्यांची चवड लावू लागली, डाव्या वेगळ्या, उजव्या वेगळ्या. इस्पितळाचा नंबर तिनं कागदावर लिहून फोनपाशी ठेवला. सकाळी नाही म्हणायला तो लागणार होता. अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं, पण विजयी माणसानं काय बोलायचं ते त्यांना सुचलं नाही.

साडेसहाला इमारतीच्या अध्यक्षबाई आल्या. मास्तर त्यांच्यामागे होतेच.

"साहेब, तुम्हीच आता मार्ग काढा. चोवीस बिऱ्हाडांत पाय ठेवायला जागा नाही. आमच्या न्हाणीघरात साखर आहे. दुसऱ्या मजल्यावर मुंग्यांची रांग लागलीय, दुकानापेक्षा मोठी. समितीनं ठरवलंय, खालच्या सभागृहात सगळ्या इमारतीची एकच कोठी करायची. पण ते काम जाणत्या माणसाचं. तुमच्या मांडण्या, तुमचा फ्रीझर, तुमची पद्धत, सगळं तिथे हवं. आणि प्रमुख तुम्ही."

'प्रमुख' हा शब्द ऐकून अधिकारी गोळीशिवायही बरे झाले असते. पण तरी ते कोठीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "माझ्या मांडण्या? खाली? नाही, ते शक्य नाही. हे घरचं आहे."

बायकोनं चवड खाली ठेवली. "बरोबर आहे त्यांचं," ती अध्यक्षबाईंना म्हणाली. "तुम्ही दुसरं कुणी बघा. तीन माणसांची कोठी सांभाळणं वेगळं. चोवीस बिऱ्हाडं म्हणजे काय खेळ आहे? यांना नाही झेपायचं."

"नाही झेपायचं?" अधिकारी वळले. "कारखान्यात तीनशे माणसं आहेत माझ्या हाताखाली!"

"ती फक्त उन्हात उभी राहतात हो. इथे व्यवस्था लागते. मास्तरांना जमेल कदाचित."

मास्तरांनी घसा खाकरला. अधिकाऱ्यांनी त्यांना तो पूर्ण खाकरू दिला नाही.

"फ्रीझरचं ते टोक धरा," ते म्हणाले.

लिफ्ट बंद असल्यानं सगळं जिन्यानं उतरवावं लागलं. अर्धी इमारत हातभार लावायला आली आणि अधिकारी प्रत्येक वळणावर उभे राहून सूचना देत होते. मंगळवारी सकाळी आठपर्यंत शेवटची मांडणी गेली. नऊ वाजता बायकोनं इस्पितळाला फोन केला आणि हो म्हणून सांगितलं. दहा वाजता त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरं कापड पसरलं होतं आणि उत्तरेचा उजेड त्यावर सपाट पडला होता.

एक वाजता अधिकारी वर आले. आजही रजा होती. छातीवर 'प्रमुख' असा बिल्ला होता.

"जेवायला काय आहे?"

"घरात काही नाही. सगळं तुमच्याकडे खाली आहे. आम्ही दोघींनी अंडी आणून खाल्ली."

"मग माझं?"

"तुम्ही खालून काढून आणा."

अधिकाऱ्यांनी खिशातून एक छापील अर्ज काढला. तो त्यांनीच सकाळी तयार केला होता : माल चोवीस तास आधी मागावा, कारण लिहावं, खाली मागणाऱ्याची आणि प्रमुखांची सही. त्यांनी मशीनच्या कोपऱ्यावर अर्ज टेकवून नाव लिहिलं, कारणाच्या जागी 'जेवण' लिहिलं आणि मागणाऱ्याची सही केली. मग प्रमुख म्हणून तो वाचला. वेळ तपासली. त्यांचं पेन हवेत थांबलं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"उद्या एक वाजता मिळेल," ते म्हणाले आणि खाली बारीक अक्षरात शेरा लिहिला.

तिनं कात्री थांबवली नाही. "दुकानात पाव आलाय म्हणे आत्ताच, ताजा. घेऊन या जाऊन. आणि जाताना दार तेवढं ओढून घ्या, वाऱ्यानं बाह्या उडतात."