भावाचा रकाना

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता आकिने तीन रूपांत कोल्हापूरच्या रूपांतर पडताळणी कचेरीत हजर झाली, आणि कारकून म्हेत्रे यांनी तिन्ही रूपांना एकाच बाकावर बसवलं.

आकिने म्हणजे ‘पोलादी क्षितिज’ या जपानी ॲनिमेची नायिका, अवकाशतळावर यंत्रांशी लढणारी सैनिक. बाकावरची पहिली आकिने पस्तीस वर्षांपूर्वीच्या, हातानं काढलेल्या चित्रपटातली होती. ती कागदाइतकी सपाट होती. बाजूला वळली की दिसेनाशी व्हायची, म्हणून बोलताना समोरच तोंड ठेवायची. दुसरी टीव्ही मालिकेतली. तिनं कितीही वेळा तलवार उपसली तरी केस त्याच बाजूला, तेवढेच उडत, कारण मालिकावाल्यांनी तो तुकडा एकदाच काढून सव्वीस भागांत वापरला होता. तिसरी परदेशात खरी माणसं घेऊन केलेल्या सिनेमातली, हाडामांसाची. तिला तहान लागायची. आल्यापासून तिनं दोन बाटल्या पाणी संपवलं होतं.

कचेरीचा नियम साधा होता. एका नावाला एकच दाखला. जिला दाखला मिळेल ती खरी. उरलेल्या दोघींना त्यांच्या कुटुंबासह लाल फडक्यात बांधून अभिलेख खोलीत ठेवायचं.

साक्षीदार म्हणून वसुधा गरगटे यांना नोटीस गेली होती. वय एकसष्ट, धंदा आवाज देणे. तिन्ही आकिनेंचा मराठी आवाज त्यांचाच होता. त्यामुळे तिघी हुबेहूब सारख्या बोलत, आणि जबाब कोणाचा हे कळावं म्हणून बोलणारीनं हात वर करायचा, असं म्हेत्रेंनी ठरवून दिलं होतं.

वसुधाबाई आल्या त्या रागानंच. पडताळणी अधिकारी चौगुले यांनी “बसा” म्हटलं तरी त्या बसल्या नाहीत.

“तुलनेचा तक्ता तयार आहे,” चौगुले म्हणाले. “मी आठवडाभर तिन्ही आवृत्त्या पाहिल्या. तलवार जुळते. गालावरचा व्रण पहिल्या दोघींना डाव्या बाजूला आहे, तिसरीला उजव्या. तो किरकोळ फरक आम्ही माफ केला. अडचण कुटुंबाच्या रकान्यात आहे. मोठा भाऊ रेंजी. पहिलीत मयत. दुसरीत हयात. तिसरीत भाऊच नाही.”

“तिसरीत काय आहे?” वसुधाबाईंनी विचारलं.

म्हेत्रेंनी तक्ता पाहिला. “कुत्रा.”

वसुधाबाईंना हे ठाऊक होतं, तरी त्यांचे कान तापले. पहिल्या चित्रपटात तळाला आग लागते, सेनापती दार बंद करायला सांगतो आणि रेंजी आत राहतो. त्या जागी वसुधाबाईंनी ‘दादा’ अशी हाक मारली होती. अकरा वेळा मारली, तेव्हा ती मनासारखी झाली. पुढचे आठ दिवस त्या हळदीचं दूध पीत होत्या आणि घरात पाटीवर लिहून बोलत होत्या. मालिकेच्या वेळी त्यांच्या हातात कागद आला, त्यावर त्याच जागी ‘ब्रो’ लिहिलं होतं. कोणती बहीण भावाला असं म्हणते, असं त्यांनी विचारलं. “मॅडम, आता असंच म्हणतात,” असं उत्तर मिळालं. सिनेमाच्या वेळी विचारायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी कुत्र्याला “इकडे ये” म्हटलं आणि घरी आल्या.

“मयत लिहा,” त्या म्हणाल्या. “खरं तेच आहे.”

मालिकेतल्या आकिनेनं हात वर केला. “मयत लिहिलंत तर माझ्या भावाचं काय? तो खाली चहा प्यायला गेलाय.”

सपाट आकिने बाकावरून उठली. तेवढ्यात रेंजी जिन्यावरून वर आला. हातात चहाचे कागदी पेले होते आणि तोंडात मालिकेच्या प्रत्येक भागात असतो तो विनोद होता. विनोद पुरा व्हायच्या आत सपाट आकिनेनं त्याच्या मुस्काटात मारली. चहा म्हेत्रेंच्या फायलींवर सांडला.

“तू मेला होतास,” ती म्हणाली. हात वर करायचं ती विसरली, पण बोलतंय कोण याची कोणालाच शंका नव्हती.

रेंजीनं गाल चोळला. “कुठं?”

“चौथ्या दारात. मला दोघांनी ओढत नेलं. काचेतून तुझा हात दिसत होता. पस्तीस वर्षं मला तो हात दिसतोय, आणि तू खाली चहा पीत होतास?”

“मला हे ठाऊक नव्हतं,” रेंजी म्हणाला. “आमच्यात ते दार उघडतं.”

“का उघडतं?”

“दुसरा सीझन करायचा होता म्हणून,” त्यानं खाली बघत सांगितलं.

तिनं पुन्हा हात उचलला, पण मारलं नाही. त्याच्या बाहीवरून बोटं फिरवली आणि हात झटकून मागं घेतला.

चौगुलेंनी घसा साफ केला. “भावना समजतात. पण रकाना एकच आहे. मयत आणि हयात दोन्ही त्यात बसत नाहीत.”

“मग रकाना मोठा करा,” वसुधाबाई म्हणाल्या.

“फॉर्म वरून छापून येतो, बाई.”

“वर कोण आहे?”

“ते आम्हाला कळवलेलं नाही.” चौगुलेंनी निकालाचा कागद पुढं ओढला. “अशा प्रसंगी सर्वांत अलीकडचं रूप ग्राह्य धरायचं, असं परिपत्रक आहे. तिसरी आकिने खरी. कुटुंबात कुत्रा एक. पहिली, दुसरी आणि हे गृहस्थ यांना म्हेत्रे बांधून घेतील. साक्षीदारानं इथं सही करायची.”

म्हेत्रेंनी कपाटातून लाल फडकी काढली. सपाट आकिनेची घडी घालणं सोपं होतं, म्हणून त्यांनी तिच्यापासून सुरुवात केली. गुडघ्यापर्यंत घडी झाली तरी ती ओरडली नाही. ती फक्त चौगुलेंकडे बघत राहिली.

“सोडा तिला!” वसुधाबाईंनी टेबलावर थाप मारली. “माझा गळा फाटला होता त्या हाकेसाठी. ती तुम्ही फडक्यात बांधणार, आणि मी सही करू?”

“रागावून चालत नाही. सरकारी काम आहे.”

“मग राग कुठं नोंदवायचा तो रकाना दाखवा!”

तेव्हा हाडामांसाच्या आकिनेनं हात वर केला. दाखला तिच्या मांडीवर होता, शाई अजून ओली होती.

“मला भाऊ होता?” तिनं विचारलं.

म्हेत्रेंनी घडी घालणं थांबवलं.

“सिनेमाभर मी लढत होते. का लढते ते दिग्दर्शकांना तीन वेळा विचारलं. ते म्हणाले, चेहरा शांत ठेव, घरातली सगळी मंडळी बघणार आहेत.” ती वसुधाबाईंकडे वळली. “तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या तोंडून बोलत होतात आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

सकाळपासून पहिल्यांदाच वसुधाबाई खुर्चीवर बसल्या. “नाही सांगितलं,” त्या म्हणाल्या. “त्या महिन्यात काम दुसरं नव्हतं. मी गप्प बसले.”

हाडामांसाच्या आकिनेनं दाखल्याचे चार तुकडे केले आणि ते चौगुलेंच्या टेबलावर एकावर एक रचून ठेवले. मग ती म्हेत्रेंजवळ गेली आणि सपाट आकिनेची घडी तिनं स्वतः, सावकाश, उलगडली.

“दाखला फाडणं हा गुन्हा आहे,” चौगुले म्हणाले.

“लिहा,” ती म्हणाली. आवाज वसुधाबाईंचाच होता, पण असा त्यांनी तो कधी दिला नव्हता.

खरी ठरलेलीनं दाखला नाकारला, तर बाकीच्यांना खोटं ठरवून बांधता येत नाही, असं दुपारी नियमावलीत सापडलं. बांधता येत नाही आणि सोडताही येत नाही, म्हणून चौघांना आवाजाच्या मालकिणीच्या ताब्यात दिल्याची नोंद झाली. वसुधाबाईंनी ताबापावतीवर सही केली आणि तिच्या खाली, जागा नसताना, ‘रागानं’ असं लिहिलं. म्हेत्रेंनी ते खोडलं नाही.

आता चौघं वसुधाबाईंच्या घरी राहतात. रेंजी बाजारहाट करतो. सपाट आकिने त्याच्याशी बोलत नाही. तो बाहेर निघाला की मात्र तो परत येईपर्यंत दार बंद करू देत नाही. हाडामांसाची तिच्याजवळ बसून आगीची हकीकत ऐकते, आणि ऐकून झाली की पुन्हा पहिल्यापासून विचारते. मालिकेतल्या आकिनेला हा सगळा, आपला भाऊ जगला म्हणून, आपल्यावरचा ठपका वाटतो. ती जेवताना भांडी आपटते.

परवा वसुधाबाईंना एका स्टुडिओतून फोन आला. ‘पोलादी क्षितिज’ पुन्हा नव्यानं होत होतं आणि आवाज त्यांचाच हवा होता.

“भाऊ आहे का त्यात?” त्यांनी विचारलं.

“ते अजून ठरायचंय, मॅडम. बहुतेक काका असेल.”

“आवाज तोच आहे, तू बोल,” म्हणत वसुधाबाईंनी फोन सपाट आकिनेच्या कानाला लावून दिला, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि कणीक मळायला घेतली.