पूर्णविराम तेवढे माझे

कादंबरी या प्रकाराचं पुढे काय होणार, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं! गोष्ट संपली, अर्थ संपला, उरले फक्त तुकडे! अशा तुकड्यांची दोनशे पानं मी लिहायला घेतली. प्रकाशकांनी माझी आधीची सगळी हस्तलिखितं साभार परत केली होती आणि या वेळी बजावलं होतं, "ही शेवटची. नाही जमली, तर पुन्हा आमचा जिना चढू नका!"

मान आखडलेली, म्हणून मी बोलायचं आणि फोनने टाइप करायचं असं ठरलं. घरात फर्मान काढलं, "मी 'पूर्णविराम' म्हणेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही!"

घरच्यांनी ते तंतोतंत पाळलं. मी डोळे मिटून एक गहन वाक्य सांगायचो, "पूर्णविराम" म्हणायचो आणि पुढच्या वाक्यासाठी चिंतनात बुडायचो. तेवढ्यात स्वयंपाकघर सुटायचं!

"आई, चष्मा डोक्यावरच आहे तुमच्या!"

"मग आधी सांगायचंस ना, चिडतेस कशाला?"

मग दोघींचा रुसवा, बायकोचं बहिणीला फोनवर गाऱ्हाणं, आईचं स्वतःशीच गुणगुणणं. मला काय, मी चिंतनात! स्वतःचं लिखाण पुन्हा वाचायचं नाही, हे माझं तत्त्व. तसंच पाठवून दिलं.

आठवड्याने प्रकाशकांचा फोन.

"अहो, हे काय पाठवलंत!"

"नाही चढत पुन्हा तुमचा जिना," मी म्हणालो.

"नाटक, गाणं, फोनवरचं बोलणं, सगळं एका कादंबरीत! इतकी वर्षं जो तो मोडून दाखवत होता, तुम्ही जोडून दाखवलंत! आणि ती सासू म्हणते, 'चष्मा सापडला गं, पण तू तोंड फिरवून बसलीस, आता बघू काय?' रडलो हो मी!"

आईचं वाक्य! म्हणजे फोनने स्वयंपाकघरही टाइप केलं होतं! पण सावरून म्हणालो, "तोच तर अर्थ शोधत होतो मी!"

"छापतोय! फक्त मध्येमध्ये 'अस्तित्व ही फुटक्या आरशाची पाठ आहे' असलं काहीतरी कोणी घुसडलंय. तेवढं सगळं काढा."

"सगळं?"

"पूर्णविराम राहू द्या. ते अगदी अचूक पडलेत."

कादंबरी तुफान गाजली! मुखपृष्ठावर नाव माझंच आहे. सह्या मागायला लोक घरी येतात, तेव्हा आई आणि बायको ऐटीत पुढे बसतात. मी कोपऱ्यात उभा असतो, त्यांचं वाक्य संपायची वाट बघत.