मालनकाकूंच्या अंगणातला सत्कार

एका जंगलात, बाळांनो, एक फार टापटीप वसाहत होती. प्रत्येक बिळापुढे सारखंच अंगण, सारखंच कुंपण आणि सारखीच दोन क्रोटनची झाडं. पाहुणे चुकून दुसऱ्याच्याच बिळात शिरत आणि चहा पिऊन झाल्यावर त्यांना ते कळे.

शेवटच्या गल्लीत मालनकाकू नावाची साळिंदर राहायची. तिचा नवरा गेला, पोरं लांबच्या जंगलात गेली आणि रिकामं अंगण तिला खायला उठू लागलं. मग एक दिवस तिने फुटक्या झारीला काटक्यांचे पाय लावले. झाला बगळा. त्याच्या नाकावर तिने नवऱ्याचा जुना चष्मा चढवला आणि कितीतरी महिन्यांनी ती खळखळून हसली.

मग काय विचारता! गळक्या घमेल्याचं कासव झालं. मोडक्या छत्रीचं वटवाघूळ झालं. खराट्याची आयाळ लावून सिंहसुद्धा झाला, पण त्याचा चेहरा मेला सर्दी झाल्यासारखा आला. वसाहतीतली पिल्लं कुंपणाला लटकून हसत बसायची. काकूला दिवस पुरेनासा झाला.

एका सकाळी वसाहतीचे सेक्रेटरी कोल्हेसाहेब फिरता फिरता त्या गल्लीत वळले आणि थबकलेच.

"काकू, हे काय मांडलंय?"

"बगळा आहे. दुपारी पेपर वाचतो."

"हे आपल्या शिस्तीत बसत नाही. उद्यापर्यंत उचला."

"तुमच्या क्रोटनकडे बघून एखादं पिल्लू कधी हसलंय का, साहेब?" असं म्हणून काकूने अंगावरचे काटे फुलवले. साहेब आपलं नाक सांभाळत घरी गेले.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वसाहतीतले हरणांचं एक मंडळ आलं. हरणं साहेबांना म्हणाली, "तुमच्याकडे भारी कला आहे म्हणे. आम्हाला दाखवा ना."

साहेबांनी ताबडतोब शेपूट झुबकेदार केलं. "अहो, आमच्या कमिटीचाच उपक्रम आहे तो," ते म्हणाले. संध्याकाळी कमिटी बसली, भजी झाली आणि काकूंचा जाहीर सत्कार करायचं एकमताने ठरलं.

"सत्कार कशाला मेला," काकू म्हणाली खरी. पण आत जाऊन तिने पेटीतली ठेवणीतली साडी काढली. तिच्या कामाला बरं म्हणणारं आजवर कुणी मोठं माणूस भेटलं नव्हतं हो.

सत्काराच्या दिवशी सकाळीच मांडववाले रेडे आले. कला जिथे, स्टेज तिथेच, असा साहेबांचा आग्रह. पण अंगणात जागा कुठे होती?

"काकू, हे जरा बाजूला घेतो हं. कार्यक्रमापुरतं," एक रेडा म्हणाला.

काकू बगळ्यापुढे आडवी उभी राहिली. पण आपल्याच सत्काराला आपणच खोडा कसा घालायचा? ती बाजूला झाली. कासव स्टेजखाली गेलं, त्यावर सिंह, त्यावर वटवाघूळ. बगळ्याला माइकची वायर गुंडाळली आणि त्यालाही खाली सारलं. कुंपण काढून तिथे फ्लेक्स लागला. त्यावर जंगलचे राजेसाहेब, कोल्हेसाहेब आणि बावीस शुभेच्छुक. काकूचा फोटो जागेअभावी राहिला.

प्रमुख पाहुणे मोरसाहेब उशिरा आले आणि पिसारा फुलवून कलेचं महत्त्व सांगत राहिले. शेवटी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "पण ती कला आहे कुठे?"

"आपल्या पायाखालीच आहे, साहेब," कोल्हेसाहेब अभिमानाने म्हणाले.

तेवढ्यात खालून कडकन आवाज आला. काकू ताडकन उठली, काटे फुलवायला गेली, पण तोवर अंगावर शाल पडली होती. काटे शालीत अडकले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात दुकानातून आणलेला प्लास्टरचा हंस. "काकू, इकडे बघून हसा," फोटोवाला म्हणाला. टाळ्या झाल्या. मग सगळे जेवायला गेले. जिलबी कमी पडली, त्याचीच चर्चा जास्त झाली.

रेड्यांनी स्टेज मोडलं आणि खालचं सगळं भंगार समजून गाडीत भरून नेलं.

काकू सपाट अंगणात उभी राहिली. "साहेब, माझा बगळा?"

"त्याची काळजी सोडा, काकू," साहेब सुपारी चघळत म्हणाले. "पुढच्या वर्षी त्याच्याच नावाने करंडक ठेवतोय. तुम्ही फक्त अंगण असंच मोकळं ठेवा."

तात्पर्य: बाळांनो, शेजाऱ्याचं चांगलं काम डोळ्यांत खुपत असेल, तर त्याची तक्रार कधीही करू नये. तक्रारीने काम वाढतं. त्याचा मोठा सत्कार करावा. काम कायमचं थांबतं आणि वर जेवणही मिळतं.