सासूबाई फिरायला पोचल्या नाहीत

“आई, हे तीन महिन्यांचं काम आहे,” असं जावयाने सांगितलं तेव्हा सासूबाई उठल्या. त्यांनी चष्मा पुसला, तपासून बघायला म्हणून जावयाचा फोन मागून घेतला आणि आतल्या खोलीत आपल्या संगणकापुढे जाऊन बसल्या. चहाच्या वेळी बाहेर आल्या, त्या ॲप तयार करूनच.

त्यांना हवं होतं ते अगदी साधं. घरची माणसं कामाला गेली की सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी तळ्याकाठी फिरायला जात. मध्ये एकदा एका मैत्रिणीचा वाटेतच पाय मुरगळला आणि कुणाला पत्ताच लागला नाही. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतं, की पोचल्यावर प्रत्येकीने फोनवर ‘आले’ असं बटण दाबायचं. जी दाबणार नाही, तिच्या घरी आपोआप निरोप जायचा.

“पण कोड कुठे लिहिलात?” जावयाने विचारलं.

“लिहायचं कशाला? चौकोन ओढायचे, बाण जोडायचे. स्वेटर विणण्यापेक्षा सोपं आहे. तुम्ही इतकी वर्षं ऑफिसात नेमकं करता तरी काय हो?”

प्रश्न निरागस होता, पण वर्मी बसला. जावई प्रोग्रॅमर होता आणि नेमका हाच प्रश्न हल्ली त्याच्या साहेबांनाही पडायला लागला होता. हिशेब विभागाने स्वतःचं ॲप चौकोन ओढून बनवलं होतं. स्वागतकक्षातल्या बाईंनी तर दोन बनवली होती. रात्री बायको म्हणाली, “तोंड का पाडून बसलायस? आईचं कौतुक कर की जरा!” त्याने कौतुक केलं. कडू औषध घेतल्यासारखं केलं, पण केलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. “आता प्रत्येक विभाग आपापली ॲप्स बनवणार,” साहेब म्हणाले, “तेव्हा प्रोग्रॅमरचं पुढे काय करायचं, याचा आपल्याला विचार…”

तेवढ्यात खोलीतले सगळे फोन एकदम वाजले. प्रत्येकावर एकच निरोप होता: ‘सासूबाई फिरायला पोचल्या नाहीत. शोधा.’

“कुणाच्या सासूबाई?” साहेबांनी दचकून विचारलं.

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. घाबरायला कारणं दोन होती. एक म्हणजे सासूबाई खरंच पोचल्या नसतील तर? दुसरं, ॲप बनवताना ‘घरच्यांचे नंबर जोडा’ असं आल्यावर त्यांनी त्याच्या फोनमधले झाडून सगळे नंबर जोडून टाकले होते. नावंही त्याने जशी लिहून ठेवली होती तशीच.

माणसं मनाने चांगली. ‘काय झालं?’ असं जो तो उलट विचारू लागला. ॲपला वाटलं, नवीन सभासद आले. त्याने प्रत्येकाला लिहिलं, ‘नोंद झाली. तुम्ही न पोचल्यास कुणाला कळवायचं?’ साहेबांना वाटलं, शोधमोहीम सुरू झाली. त्यांनी तत्परतेने आपल्या बायकोचा नंबर दिला. आणि ते काही तळ्याकाठी नव्हते.

ॲपने तेही सगळ्यांना कळवलं. ‘खडूस साहेब फिरायला पोचले नाहीत. शोधा.’

पाठोपाठ साहेबांचा फोन वाजला आणि त्यांच्या पत्नीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “अहो, कुठे आहात तुम्ही? नाव नव्हतं, पण खडूस म्हटल्यावर मी लगेच ओळखलं!”

“सर, ते… म्हणजे दुसरे एक साहेब…” जावई पुटपुटला.

“ते नंतर बघू,” साहेब उठले. “आधी सासूबाई. चला, माझी गाडी आहे.”

वाटेत ज्याचा फोन आला, त्याला जावयाने घरचा पत्ता सांगितला. घरी पोचले तर दारात ही गर्दी! जावयाचा दाताचा डॉक्टर ॲप्रनमध्येच आला होता, कारण ‘दात फिरायला पोचले नाहीत’ असा निरोप त्याच्या दवाखान्यात गेला होता. नळ दुरुस्त करणारा पाना घेऊन उभा होता. बायको रडवेली होऊन खोल्या धुंडाळत होती आणि साहेबांच्या पत्नी तिला धीर देत होत्या. सासूबाईंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला सापडला. बिचारा ठणाणा करत होता.

तेवढ्यात सासूबाई घामाघूम होऊन जिना चढून आल्या. तीन फेऱ्या झाल्याने चेहरा कसा टवटवीत. गर्दी बघून त्या जिन्यातच थबकल्या. “अगं बाई! कोण गेलं?”

लेकीने त्यांना मिठी मारली. पण ॲप कुठे थांबतंय? ‘दात’ अजून पोचले नव्हते, ‘नळ’ पोचला नव्हता आणि त्यांच्या घरच्यांची उत्तरं येऊन नवे सभासद वाढतच होते. जावई सासूबाईंच्या संगणकासमोर बसला. कोड शोधला, तो नव्हताच. होते फक्त चौकोन आणि बाण. तो एकेक बाण बोटाने तपासत गेला, मग हळूच म्हणाला, “आई, कुणी आलंच नाही, तर हे थांबायचं कधी?”

“म्हणजे?”

“आणि ज्याला फिरायचंच नाहीये, त्याने काय करायचं?”

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. “हे मला कुणी विचारलंच नाही!”

त्याने एक बाण तोडला, दोन नवे चौकोन टाकले. फोन गप्प झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टर तर खुर्चीवर बसून हसत सुटला. जावयाला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. आपण इतकी वर्षं नेमकं काय करत होतो, ते त्याला आत्ता कळलं होतं.

साहेब मात्र हसत नव्हते. ते सासूबाईंच्या पडद्याकडे टक लावून बघत होते. “ऑफिसात अशी किती ॲप्स झालीत, देव जाणे,” ते म्हणाले. “काकू, आठवड्यातून दोनदा आमच्याकडे शिकवायला याल?”

सोमवारी सासूबाई नवी पर्स घेऊन ऑफिसात हजर. अख्ख्या ऑफिसला त्यांनी चौकोन ओढायला शिकवलं आणि शेवटी विचारलं, “कुणाला काही शंका?”

मागच्या रांगेत एकच हात वर गेला.

“तुम्ही थांबा हो जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही शंका काढली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून करायला लागतं.”

“काढू द्या, काकू,” साहेब मागून म्हणाले. “आता त्यांना ठेवलंय ते त्याचसाठी.”