दुपारच्या झोपेतला आशीर्वाद

ज्या कामाला माणसाचा हात लागतो ते काम कधी ना कधी बिघडतंच, आणि ज्याला लागत नाही ते बिघडायचं नाव घेत नाही, असं सेफेरिनोचं ठाम मत होतं. हे मत तो कुणी न विचारता देत असे, जेवताना तर दोनदा.

पाराग्वेतल्या काआसापा गावच्या सहकारी पतसंस्थेतलं सगळं नेटवर्क त्याच्या ताब्यात होतं. संस्थेतल्या संगणकांच्या, फोनच्या, कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या डब्यांना स्विच म्हणतात. संस्थेचे स्विच जुने होते. अधूनमधून बंद करून पुन्हा चालू केले नाहीत तर म्हाताऱ्या बैलासारखी बसकण मारायचे. पूर्वी सेफेरिनो हे काम स्वतः करायचा. मग त्याने त्याचं वेळापत्रकच लावून टाकलं. रोज दुपारी एक वाजता सगळे स्विच आपले आपण झोपणार, आपले आपण उठणार. कुणी जायला नको, यायला नको.

दुपारचा एकच का, तर पाराग्वेत त्याच्याइतकी सामसूम दुसऱ्या कुठल्या वेळेला नसते. रात्री निदान चोर तरी जागे असतात. दुपारी जेवण झालं की चोर, पोलीस आणि कुत्री एकाच सावलीत आडवी होतात. संस्थाही कुलूप लावून घरी जाते. मागे राहतो तो फक्त पहारेकरी लिबोरियो, आणि तोही पहारा देत नाही. स्विच तापू नयेत म्हणून त्यांच्या खोलीत गार हवेचं यंत्र बसवलं होतं. साहेबांच्या खोलीतही तसं यंत्र नव्हतं. लिबोरियोकाका रोज त्या खोलीतल्या बाकावर छातीशी हात जोडून झोपायचे. कुणी डोकावलं की डोळे न उघडता एकच वाक्य बोलायचे, "दार लावून घे, गारवा बाहेर चाललाय."

त्याच खोलीत उंच समया आणि कागदी फुलांची चक्रंही ठेवलेली असायची, कारण सभासदांसाठी संस्थेने शेजारीच एक दालन बांधलं होतं. कुणी गेलं की प्रेत तिथे ठेवायचं, रात्रभर जागरण करायचं, प्रार्थना म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुरायचं.

एप्रिलात सेफेरिनोचे वडील गेले.

हेनारो घोड्यांची खोगिरं शिवायचे. डावखुरे होते. शिवण डाव्या हाताची, घास डाव्या हाताचा, आणि आशीर्वादही डाव्याच हाताचा. त्यावरून पाद्रीबाबांनी त्यांना किती वेळा टोकलं असेल, पण देवानेच हा हात दिलाय म्हणायचे. तिकडे रीतच आहे, मूल पन्नाशीचं झालं तरी आई-बाप दिसले की हात जोडून आशीर्वाद मागायचा. आणि मोठ्यांचं तर असं की तोंडात घास असो की गालावर साबण, मागणाऱ्याचा आवाज कानावर पडला की हात आपोआप वर जातो. त्याला विचार लागत नाही. श्वासासारखंच ते.

फक्त एकदा हेनारोंचा हात वर गेला नव्हता. थोरला मुलगा बेनिग्नो खोगिराचं दुकान नको म्हणून स्पेनला निघाला, अंगणात हात जोडून उभा राहिला, आणि बापाने डावा हात खिशातून बाहेरच काढला नाही. मोटार सुटायची वेळ झाली तरी काढला नाही. त्यानंतर बेनिग्नोने मालागात फरशा बसवत उमेदीची सगळी वर्षं काढली. लग्न तिथेच केलं, पोरं तिथेच झाली. बाप-लेक फोनवर एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकत नव्हते. सेफेरिनो दोघांनाही एकमेकांची खुशाली सांगायचा, दोघेही "बरं" म्हणायचे.

आता विमान मिळायच्या आत माती होणार होती. उन्हाळा सरत आला होता तरी प्रेत थांबवण्यासारखी हवा नव्हती. सगळ्यांत थोरली बहीण ओब्दुलिया कालपासून रडली नव्हती. सगळ्यांना कॉफी देत फिरत होती. तिने सेफेरिनोला कोपऱ्यात घेतलं.

"तुझ्या त्या वायरींचा आजवर मला काही उपयोग झालेला नाही," ती म्हणाली. "आज एवढं कर. शवपेटीचं झाकण लागायच्या आत बेनिग्नोला बाबांसमोर उभा कर. त्याला आशीर्वाद मागू दे. मिळणार नाही, ते कळतं मला. पण मागायचा राहून गेला असं व्हायला नको."

सेफेरिनोने सगळं बसवलं. स्विचच्या खोलीत होता तसाच बोलणारा-ऐकणारा कॅमेरा दालनातही होता. त्याचा दुवा त्याने मालागाला पाठवला. दोन वाजता प्रार्थना संपेल, सगळी मंडळी आंब्याखाली जाऊन थांबतील, आत फक्त बाप आणि पडद्यापलीकडे लेक. ओब्दुलियाने विचारलं की ते तुझं दुपारचं बंद-चालू आजच्या दिवस थांबवायचं नाही का. त्यावर सेफेरिनोला थोडा रागच आला.

"ताई, ते एकला होतं आणि आपलं दोनला आहे. मधे अख्खा तास आहे. मी हात लावला तर उलट बिघडेल."

त्याच्या ध्यानातून एक गोष्ट सुटली होती. पाराग्वेत दर वर्षी मार्चअखेर घड्याळं तासभर मागे सारायची पद्धत होती. सरकारने ती बंद केली, लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, घरोघरची घड्याळं जागच्या जागी राहिली. पण स्विचना हे कुणी कळवलं नव्हतं. ते जुन्या नेमाचे पक्के. मार्च संपताना त्यांनी निमूटपणे आपला काटा तासभर मागे घेतला होता. तेव्हापासून त्यांचा एक म्हणजे जगाचे दोन. दुपारच्या झोपेत हे कुणाला कळणार?

दोन वाजले. प्रार्थना सांगणाऱ्या पास्तोराबाईंनी शेवटचं आमेन म्हटलं आणि मंडळी बाहेर पडली. आंब्याखाली तेरेरेचं, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याच्या पेयाचं, शिंग या हातातून त्या हातात फिरू लागलं. सेफेरिनो दाराकडे पाठ करून उभा होता, ऐकू आलं तर अवघड वाटेल म्हणून. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. बेनिग्नो मनातल्या मनात बोलत असेल, असं त्याला वाटलं. बऱ्याच वेळाने ओब्दुलिया आत गेली, बापाच्या कपाळावर हात ठेवला, झाकण लागलं आणि पेटी निघाली. दुःखाच्या मानाने सगळं नीट पार पडलं, असं वाटून सेफेरिनोला जरा हलकंसुद्धा वाटलं.

स्मशानाच्या फाटकाशी पोचतात न पोचतात तोच पास्तोराबाईंच्या शालीआडून पोल्का नाचाची धून वाजू लागली. मयताला आले म्हणून सगळ्यांनी फोन बंद केले होते, बाईंना तो बंद करता येत नव्हता. त्यांनी कानाला लावला, ऐकलं, आणि पेटीच्या वाटेत आडव्या उभ्या राहिल्या.

"बेनिग्नो आहे," त्या म्हणाल्या. "म्हणतो, पुरू नका. बाबांनी हात वर केला."

पेटी खांद्यावर घेतलेल्या सहा जणांपैकी दोघांनी आपला खांदाच काढून घेतला. उरलेल्या चौघांनी ती कशीबशी रस्त्यावर टेकवली. फोन सेफेरिनोकडे आला. पलीकडे बेनिग्नो हमसून हमसून रडत होता. आधी अंधार झाला, मग बाबा दिसले, म्हणाला. किती सुकले होते, गाल आत गेलेले. समया होत्या, फुलं होती. मी आशीर्वाद मागितला आणि त्यांनी हात वर केला, क्रूस काढला, 'देव तुझं भलं करो' म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं. तुम्ही जिवंत माणूस पुरायला निघालात. तेव्हापासून मी तुमचे फोन लावतोय.

आता यावर काय करणार? कुणी म्हणालं डॉक्टरला बोलवा, कुणी म्हणालं पाद्रीबाबांना. खणणारा माणूस म्हणाला, मला आज आणखी एक खड्डा आहे, काय ते ठरवा. शेवटी ओब्दुलियाने झाकण काढायला लावलं.

हेनारो होते तसेच होते. दोन्ही हात जपमाळेने बांधलेले, गाठ ओब्दुलियानेच मारलेली, तिचा एक पेरही सरकलेला नव्हता. ओब्दुलिया बराच वेळ वाकून बघत राहिली. मघाशी निरोप देताना तिने मन घट्ट केलं होतं. ते एकदाच पुरण्याइतकं घट्ट होतं. आता ती उन्हात, रस्त्यावर बसून, चार लोकांदेखत लहान मुलीसारखी रडली. बाप एका दुपारी दोनदा गेला.

पास्तोराबाईंनी मात्र निवाडा दिला. देहाने नव्हे, आत्म्याने आशीर्वाद दिला. जिवंतपणी अडला होता, तो मोकळा करून मग गेला. संध्याकाळपर्यंत गावात तेच झालं.

सेफेरिनो संस्थेत परतला आणि त्याने कॅमेऱ्यांची साठवण उघडली. काय झालं ते समजायला त्याला फार वेळ लागला नाही. दोनच्या ठोक्याला स्विच झोपले होते. उठल्यावर कॅमेऱ्यांना नंबर मिळतात ते ज्याला आधी जाग येईल त्या क्रमाने, पंगतीत पहिला येईल त्याने पहिलं पान धरावं तसे. त्या दिवशी दालनातल्या कॅमेऱ्याआधी स्विचच्या खोलीतल्या कॅमेऱ्याने पान धरलं, आणि नंबरावर बांधलेला बेनिग्नोकडचा दुवा त्याच्याकडे वळला. पडद्यावर अंधारी खोली, मागे समया, कागदी फुलं, आणि बाकावर छातीशी हात जोडून लिबोरियोकाका. "आशीर्वाद द्या बाबा," असा आवाज आला. काकांचे डोळे मिटलेलेच, पण हात वर गेला. क्रूस काढला, पुटपुटले, कुशीवर वळले.

बेनिग्नोने वडिलांना इतकी वर्षं पाहिलं नव्हतं की झोपलेला कुठलाही म्हातारा त्याला त्यांच्यासारखा दिसला असता. सेफेरिनोला हसू यायला हवं होतं. ते येईना.

त्याने स्विचचं घड्याळ नीट केलं आणि गप्प बसला. मयतानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला बेनिग्नो रोज पडद्यावर हजर राहायचा. ओब्दुलियाशी तासन्‌तास बोलायचा, नाताळला पोरांना घेऊन येतो म्हणायचा. ओब्दुलिया स्वयंपाक करताना गुणगुणू लागली होती. रोज प्रार्थनेत "आम्हाला खोट्यापासून वाचव" ही ओळ आली की सेफेरिनो खोकायचा. नवव्या दिवशी त्याला राहवेना. त्याने भावाला एकट्याला फोन लावला.

"बेनिग्नो, तुला एक सांगायचंय. तो हात—"

"उजवा होता," बेनिग्नो म्हणाला.

सेफेरिनोने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला त्याच दिवशी, रडून झाल्यावर लक्षात आलं. बाबा उजव्या हाताने माशीसुद्धा हाकलायचे नाहीत. कोण होता तो?"

"पहारेकरी. लिबोरियोकाका. माझ्या खोलीत झोपतात." मग त्याने कसंबसं विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? ताईला मी भर रस्त्यात पुन्हा रडवलं, ते या हाताच्या भरवशावर. तोही खोटा निघाला म्हणून सांगू?" मग तो म्हणाला, "आणि खरं सांगू का, सेफे, तो हात माझ्यासाठी नव्हता, पण वर तर गेला. मला तेवढंच बघायचं होतं रे. कुणाचा तरी."

दोघा भावांनी ठरवलं की ओब्दुलियाला यातलं काही कळू द्यायचं नाही. राहिले लिबोरियोकाका. ते कुठे बोलून बसतील या भीतीने दुसऱ्या दिवशी सेफेरिनो त्यांना गाठायला गेला. काका झोपायच्या तयारीतच होते. सेफेरिनोने आडून आडून सुरुवात केली, काका, त्या मयताच्या दुपारी इथे काही ऐकलंत का?

काकांचा चेहराच बदलला. त्यांनी सेफेरिनोला बाकावर बसवून घेतलं.

"तुला कसं कळलं? अरे, माझा वेनान्सियो आला होता. स्वप्नात. ब्वेनोस आयरेसला गेला तेव्हापासून फोन नाही, पत्र नाही, आहे की नाही तेही ठाऊक नाही. आणि त्या दुपारी अगदी इथे, डोक्याशी उभा. आशीर्वाद द्या बाबा, म्हणाला. मी दिला बघ. घरी बायकोला सांगितलं तर दोन दिवस रडली, मग तिसऱ्या दिवशी उठून चिपाचे पाव भाजले. किती दिवसांनी भाजले." त्यांनी बाकावरची उशी सारखी केली. "तेव्हापासून रोज त्याच अंगावर झोपतो. पण पुन्हा नाही आला."

सेफेरिनोने उठून बाहेर पडताना दार नीट लावून घेतलं. घरी जाऊन त्याने मालागाला फोन लावला आणि भावाला विचारलं, उद्या आमच्या दुपारी तुला थोडा वेळ आहे का.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव झोपलं, तेव्हा काहीही आपोआप होऊ नये म्हणून सेफेरिनोने वेळापत्रक थांबवलं. रिकाम्या कचेरीत बसून त्याने स्वतःच्या हाताने मालागाचा दुवा स्विचच्या खोलीकडे वळवला. जन्मात पहिल्यांदाच त्याने हाताला "बिघडवू नकोस रे बाबा" असं सांगितलं.

पडद्यावर समया दिसल्या, फुलं दिसली, काका दिसले. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग बेनिग्नो हळूच म्हणाला, "आशीर्वाद द्या बाबा."

काकांचा उजवा हात सावकाश वर गेला. क्रूस काढला, जागच्या जागी थांबला, आणि ओठ हलले.

"आलास? देव तुझं भलं करो," काका डोळे न उघडता म्हणाले. "पण दार लावून घे. गारवा बाहेर चाललाय."