खांबेटे मावशींचा चुनाव

खांबेटे मावशी निवडणूक हरल्या की शिरा करायच्या. जिंकल्यावर काय करायच्या ते मला सांगता येणार नाही, कारण तशी वेळ माझ्यादेखत एकदाही आली नाही.

बँकेने मला बनारसला पाठवलं तेव्हा पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, एका चिंचोळ्या गल्लीत, मावशींच्या घरातल्या वरच्या खोल्या आम्हाला भाड्याने मिळाल्या. खाली मावशी एकट्या. घर त्यांच्या सासरचं. ती मंडळी कित्येक पिढ्या काशीतच. मावशींची साठी केव्हाच उलटलेली. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की पैलतीरावरच्या नावाड्याने ओ द्यावी. मराठी घरात जपलेलं, पण हिंदीशी त्याचं कधी भांडण झालं नव्हतं. नाली, पर्चा, झोला हे शब्द त्यांना मराठीच वाटायचे. निवडणुकीला तर त्या 'चुनाव'च म्हणत.

आम्ही राहायला आलो आणि थोड्याच दिवसांत विधानसभेचा निकाल लागला. संध्याकाळी घरी येतो तर जिन्यापर्यंत तुपाचा आणि वेलचीचा वास. मावशी पानांच्या द्रोणांतून गल्लीभर शिरा वाटत होत्या.

"वा! मास्टरजी आले वाटतं निवडून?"

"छे रे. जमानत जब्त."

"मग हा शिरा?"

"हरलेल्या माणसाने उपाशी झोपू नये, जोशी. सकाळी लवकर उठायचं असतं."

मास्टरजी म्हणजे रामनिहोर मास्टर. गणित शिकवून निवृत्त झालेला, अत्यंत सज्जन गृहस्थ. दर निवडणुकीला अपक्ष उभे राहायचे, किंवा खरं सांगायचं तर मावशी त्यांना उभं करायच्या. त्यांचं भाषण "मैं यह नहीं कहता कि मैं ही सबसे योग्य हूँ" या वाक्याने सुरू व्हायचं, आणि लोकांना ते लगेच पटायचं.

एकदा त्यांना शिडी हे चिन्ह मिळालं. मावशींनी माळ्यावरची बांबूची खरीच शिडी काढली, पुढचं टोक मास्टरजींच्या खांद्यावर दिलं, मागचं स्वतःच्या, आणि प्रचाराला निघाल्या. बनारसच्या गल्लीत शिडी सरळ जाते, वळत नाही. त्यात समोरून सांड आला. बनारसचा सांड मागे फिरत नाही, आणि मावशीही फिरत नव्हत्या. सांड खाली बसला. दोन्हीकडे माणसं तुंबली. दूधवाले, यात्रेकरू, एक नवरदेव, सगळे अडकले. मावशींनी शिडी भिंतीला टेकवली, दोन पायऱ्या वर चढल्या आणि भाषण सुरू केलं. "इतके लोक आपल्या सभेला कधी जमले नव्हते," असं त्या नंतर कौतुकाने सांगत. सांडाबद्दल त्यांच्या मनात कायम कृतज्ञता राहिली.

हरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेवर स्नान करून आल्या की म्हणायच्या, "चला, मोकळे झालो!" मग झेंडूचा हार घेऊन त्या निवडून आलेल्या माणसाच्या दारात जायच्या. हार घालायच्या, तोंड भरून अभिनंदन करायच्या आणि त्याच दमात तुंबलेल्या नालीची तक्रार सांगायच्या. एकदा मी म्हटलं, "मावशी, ज्याच्याविरुद्ध एवढं ओरडलात त्याच्याकडेच?"

"मग काय मास्टरजींकडे जाऊ? ते हरलेत ना! आपला माणूस पडला म्हणून नाली काय आपोआप वाहायला लागते?"

असं सगळं मजेत चाललेलं असताना महापालिकेची निवडणूक आली. या वेळी गोष्ट निराळी होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुलींची पालिकेची शाळा होती. मावशींनी तिथे बरीच वर्षं शिवण शिकवलेलं. ती शाळा दूरच्या एका इमारतीत हलवायची आणि त्या जागी दुकानं काढायची, असं घाटत होतं. बच्चाबाबू नावाचे साड्यांचे व्यापारी उभे होते, आणि दुकानांची कल्पना त्यांचीच होती. समोर आमचे मास्टरजी.

मावशी घरोघर गेल्या. गल्लीतली प्रत्येक बाई म्हणाली, "मौसी, हमार वोट त मास्टरे जी के." मास्टरजीसुद्धा इतके खुलले की एका सभेत त्यांनी आपणच योग्य असल्याची शक्यता बोलून दाखवली.

मास्टरजी पडले, बच्चाबाबू निवडून आले. त्याचं एवढं नाही. पण आमच्या गल्लीच्या पेटीतही त्यांची मतं अगदीच थोडी निघाली.

त्या संध्याकाळी तुपाचा वास आला नाही. दुसऱ्या दिवशी मावशी स्नानालाही गेल्या नाहीत. दाराला आतून कडी. दूधवाला हाका मारून गेला. घाटावरचे पंडे मला अडवून विचारू लागले, "मौसी की तबीयत तो ठीक है न?" त्यांच्या आवाजाची सगळ्यांना इतकी सवय होती की गल्ली आजारी असल्यासारखी वाटत होती.

शेवटी माझ्या बायकोने, सुमनने, स्वतःच शिरा केला आणि दार वाजवत बसली. बऱ्याच वेळाने कडी निघाली. मावशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

"हरले त्याचं काही नाही गं," त्या भिंतीलाच म्हणाल्या. "पण ह्या बायका खोटं का बोलल्या? ह्यांच्या पोरींचा हात हातात धरून मी सुई चालवायला शिकवलंय."

सुमनने शिऱ्याची वाटी त्यांच्या उशाशी सरकवली. मग म्हणाली, "मावशी, त्या खोटं बोलल्या नसतील. घरातून सांगितलं असेल तिथे शिक्का मारला असेल. मी नाही का आमच्या गावी मामंजी सांगतील तिथे मारायची?"

मावशी उठून बसल्या. चष्मा चढवला आणि सुमनकडे बघत राहिल्या.

"तुला काय वाटतं ते कुणी विचारलंच नाही?"

"नाही."

"आणि ह्या बायकांना?"

"त्यांना तरी कोण विचारणार? तुम्हीसुद्धा 'मास्टरजींना मत दे' एवढंच सांगत होतात."

मला वाटलं, आता सुमनची काही खैर नाही. पण मावशींनी वाटी ओढली आणि खायला लागल्या. "रवा कच्चा राहिलाय," म्हणाल्या, आणि वाटी पुसून खाल्ली. खाता खाता एकदा डोळ्यांना पदर लावला. ते शिऱ्यामुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिन्याखालून आवाज आला, "चला, मोकळे झालो!" आम्ही दोघं अंथरुणातच हसलो.

मावशी पुन्हा घरोघर गेल्या. या वेळी मत मागायला नाही. पाटावर बसायच्या आणि विचारायच्या, "तुला काय पाहिजे?" सुरुवातीला बायका लाजायच्या, चहा पुढे करायच्या, सासूकडे बघायच्या. मावशी चहा पिऊन तशाच बसून राहायच्या. गप्प बसणं ही त्यांच्यासाठी किती मोठी शिक्षा होती ते आम्हालाच ठाऊक.

मग एका सोमवारी त्या आठदहा बायकांना घेऊन बच्चाबाबूंच्या दुकानात, थेट गादीवर हजर झाल्या. बँकेला सुट्टी होती म्हणून मीही मागे उभा होतो. मावशींनी हार घातला. बच्चाबाबू वाकून नमस्कार करत म्हणाले, "मौसी, आप तो हमारे खिलाफ थीं!"

"थी नहीं, हूँ," मावशी म्हणाल्या. "आज मैं नहीं बोलूँगी. ये बोलेंगी."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बच्चाबाबूंना हायसं वाटलं असावं. तेवढ्यात फुलं विकणारी फुलमती, जिचा पदर नाकाच्या वर सरकलेला मी कधी पाहिला नव्हता, पदराआडूनच बोलली, "बाबू, इस्कूल दूर चल जाई त हमार बिटिया घरे बइठ जाई. ओकर बाप ना भेजी."

एकीने तोंड उघडलं आणि मग सगळ्याच बोलू लागल्या. बच्चाबाबूंनी चहा मागवला, पान मागवलं, शेवटी विचार करतो म्हणाले. पुढच्या सोमवारी बायका पुन्हा आल्या. बच्चाबाबू मागच्या दाराने सटकू लागले, तेव्हा मावशींनी अर्ध्या बायका मागच्या दारी बसवल्या. बरेच सोमवार गेले, बायका वाढत गेल्या आणि दुकानांचा विषय हळूहळू मागे पडला. शाळा जागच्या जागी राहिली. पंधरा ऑगस्टला तिथे झेंडा फडकवून बच्चाबाबूंनीच भाषण केलं, की कन्याशिक्षण हे त्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. सगळ्यांत जोरात टाळ्या मावशींनी वाजवल्या.

"अहो, टाळ्या काय वाजवता?" मी म्हटलं.

"वाजवू दे. काम झालं ना? पुढच्या चुनावात पाडायचंच आहे त्याला."

त्या वर्षी थंडीत एका रविवारी आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर ऊन खात बसलो होतो. न राहवून मी विचारलं, "मावशी, इतक्या वेळा हरता. खरंच वाईट वाटत नाही?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मी लग्न होऊन इथे आले ना, तेव्हा सासरी माझं नाव बदललं. वर्ष-दीड वर्षात हे गेले. मग ते नावही कुणी घेईना. 'ए', 'अगं', नाहीतर नुसतीच 'ती'. वर्षानुवर्षं. पुढे स्वराज्य आलं, पहिला चुनाव यायचा होता. सरकारी माणूस नावं लिहायला दारात आला. सासूबाई म्हणाल्या, लिहा, अमक्याची विधवा. तो म्हणाला, नाही माताजी, असं चालत नाही. आणि माझ्याकडे वळून विचारलं, बहनजी, आपका नाम?"

मावशी हसल्या.

"मला पटकन आठवेचना रे! तो बिचारा लेखणी धरून थांबलेला. मग आईने ठेवलेलं सांगितलं. वत्सला. सासूबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. पण मतदानाच्या दिवशी त्या खोलीत गेले, तर साहेबाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, वत्सला! अजूनही वाचतात. मी मुद्दाम जरा उशिरा पुढे होते. म्हणजे ते दुसऱ्यांदा हाक मारतात."

त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठल्या. पदर खोचला, पायऱ्या चढायला लागल्या. मी तसाच बसून होतो.

"वत्सलामावशी," मी म्हटलं, "थांबा, मीपण येतो."

त्या थांबल्या. वळल्या मात्र नाहीत. उन्हात पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, जरा वाट बघत असल्यासारख्या.

मी पुन्हा हाक मारली.