साहेबांच्या कोपरातली वीज

सेन्सर बनवावा तर मीच! कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, आरपार दिसणारी पट्टी. आत केसाहून हजारपट बारीक तंतू. रोबोटच्या कोपराला चिकटवा, बस्स! कोपर वाकलं की त्या वाकण्यातूनच पट्टी स्वतःपुरती वीज बनवते आणि हालचाल समोरच्या स्क्रीनवर दाखवते. बॅटरी नको, वायर नको!

चार वर्षांची मेहनत होती. अनुदान ठरवणाऱ्या तपासनीस बाईंना आज पटलं नाही, तर प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं.

बाई आल्या. रोबोटच्या हातावर रेलून उभे असलेले आमचे साहेब लगबगीने पुढे झाले. मी बटण दाबलं. रोबोटने हात उचलला, वाकवला, फिरवला...

स्क्रीनवरची रेघ सरळ! जेवून झोपलेल्या अजगरासारखी!

"अहो, हे काय?" साहेब हात उडवत ओरडले.

त्याबरोबर रेघेने अशी उसळी मारली, की मी टाळीच वाजवली. "बघा बाई, चाललं!"

"पण रोबोट तर आता थांबलाय," बाई म्हणाल्या.

"अं... त्याला जरा उशिरा कळतं."

"काहीतरीच काय सांगताय!" साहेबांनी पुन्हा हात झटकला. पुन्हा उसळी!

मला वाटलं, रोबोट आतल्या आत थरथरतोय. घाईघाईने त्याचा प्लगच उपटला. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि रेघ थेट स्क्रीनच्या टोकाला भिडली!

बाईंनी चष्मा सावरला. "साहेब, जरा डोकं खाजवा बरं."

"मी?"

"खाजवा हो!"

साहेबांनी खाजवलं. स्क्रीनवर लाटाच लाटा! ते थांबले, लाटाही थांबल्या. बाईंनी साहेबांच्या स्वेटरच्या कोपरावरून नखाने अलगद पट्टी सोडवली. नंतर काढता यावी म्हणून डिंक मीच जेमतेम लावला होता. साहेब रेलले आणि पट्टीने मालक बदलला!

साहेब लालबुंद. बाई मात्र हसून हसून खुर्चीत बसल्या.

"प्लग काढल्यावरही चालली की! अजून काय हवं? पुढचं वर्ष मंजूर. चाचणीचा अहवाल आजच पाठवा. जे घडलं तेच लिहा हं!"

मी तेच लिहिलं. 'रोबोटचा प्रकार' या रकान्यात तेवढा अडलो. मग विचार करून भरलं: 'जुना. आवाज फार करतो. पण अजून चालतो.'

अहवालावर पहिली सही साहेबांची लागते, हे मला आधी कुणीतरी सांगायचं ना!